कासव हात का फडफडवतं आणि आमच्या बाजीरावाने अंडी कशी घातली

फेब्रुवारी-मार्चमध्ये आमच्याकडे जो कोणी येतो तो बागेतल्या तळ्यापाशी पाच मिनिटं उभा राहिला की विचारतोच, अहो ते छोटं कासव मोठ्याला मारतंय का? आणि दिसतं तसंच हो. छोटं कासव पोहत पोहत मोठ्याच्या तोंडासमोर येतं, पुढचे दोन्ही पाय सरळ लांब करतं, तळवे बाहेरच्या बाजूला वळवतं आणि मग ती लांबच लांब नखं अशी काही थरथरवतं की वाटतं आता डोळेच काढणार हे तिचे. दोन सेकंद, मग थांबतं, मग परत. मोठी पुढे सरकली की हा तिच्याकडे तोंड ठेवून उलटा उलटा पोहतो. आमच्या सासूबाई म्हणतात आरती ओवाळतोय. शेजारचा मुलगा म्हणतो तबला.

मारामारी नाहीये ती, मागणी घालणं चाललंय. हे वागणं नीट कळलं ना की पुढचे तीन-चार महिने तळ्याकाठी बसायला टीव्हीपेक्षा जास्त मजा येते, म्हणून लिहितेय. सातारच्या बाहेर आमचं घर आहे, मागे बारा बाय आठ फुटांचं तळं, एका बाजूला अडीच फूट खोल आणि दुसऱ्या बाजूला उतार. त्यात तीन कासवं. तिन्ही आम्ही हौसेने आणलेली नाहीत, लोकांना कंटाळा आला म्हणून आमच्या गळ्यात पडलेली आहेत. एक भाच्याकडून, एक नवऱ्याच्या मित्राकडून, आणि एक तर गेटबाहेर बादलीत ठेवून गेलं कोणीतरी.

आधी कुठलं कासव ते सांगते, कारण इथेच लोक चुकतात. पेट शॉपमध्ये नाण्याएवढं हिरवं पिल्लू मिळतं, डोळ्यामागे लाल पट्टा असतो, ते रेड इअर्ड स्लायडर. मूळ गाव अमेरिकेत, मिसिसिपी नदीचं खोरं आणि मेक्सिकोच्या आखाताकडचा भाग. दगडावर ऊन खात बसलेलं असतं आणि जरा चाहूल लागली की सरकन पाण्यात घसरतं म्हणून स्लायडर. आपल्याकडची देशी कासवं वेगळी, म्हणजे विहिरीत पाणी साफ राहावं म्हणून शेतकरी सोडायचे ते मऊ कवचाचं, किंवा पाठीवर चांदण्या असलेलं स्टार कासव. ती पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, मग वास्तुशास्त्रवाला काहीही सांगो. कोणी "गावाकडून आणलंय" म्हणून कासव द्यायला लागला तर घेऊ नका, वनविभागाला फोन करा. या लेखात जे आहे ते सगळं स्लायडरचं.

आता नर कुठला, मादी कुठली. पिल्लात ओळखताच येत नाही, कोणी दुकानदार छातीठोक सांगत असेल तर तो फेकतोय. नराचं कवच साधारण चार इंच झालं की त्याच्या पुढच्या पायांची नखं वाढायला लागतात, मादीच्या नखांच्या दुप्पट-तिप्पट लांब होतात. शेपूट जाड आणि लांब असते, आणि शेपटीवरचं भोक कवचाच्या कडेच्या बाहेर येतं. कासवाला विष्ठा, अंडी, समागम सगळ्याला एकच दार असतं, त्यामुळे ते दार कुठे आहे याला महत्त्व. मादीची शेपूट बारकी, आखूड, दार कवचाच्या आतच. आणि मादी मोठी होते, चांगली ताटलीएवढी, नर तिच्यापुढे वाटीच. बरेच लोक मोठा तो नर असं धरून चालतात. आम्ही पण धरलं होतं. भाच्याने त्याच्या कासवाचं नाव बाजीराव ठेवलं होतं, आमच्याकडे आल्यावर दोन वर्षं ते बाजीरावच होतं, सगळ्यात दांडगं, सगळ्यांना दगडावरून ढकलणारं, आणि एका एप्रिलमध्ये बाजीरावाने मिरचीच्या वाफ्यात नऊ अंडी घातली. नाव तेच ठेवलंय. दुसऱ्या मादीचं नाव मोठी, आणि नर म्हणजे चिंट्या.

तर चिंट्याचं ते हात फडफडवणं. जवळजवळ सगळं डोळ्यासमोर आणि गालाशी चालतं, नखं कधी तिच्या तोंडाला हलकी लागतात, कधी नुसतं पाणी हलतं. तिला ते दिसतंही आणि लागतंही. त्यात ओळख पटवण्याचाही भाग आहे, कारण याच कुळातल्या दुसऱ्या काही कासवांत नर मादीच्या वरून पोहतो आणि वरून हात खाली सोडून तिच्या तोंडाजवळ नखं वाजवतो. म्हणजे प्रत्येकाची आपापली ताल धरायची पद्धत. मादीला इंटरेस्ट नसेल तर ती तोंड फिरवते, निघून जाते, नाहीतर सरळ तोंड उघडून अंगावर येते. बाजीराव दहातल्या नऊ वेळा हेच करते. असेल तर ती हलायचं थांबते आणि हळूहळू तळाशी बसते. मग तो मागून जातो, पुढच्या नखांनी तिच्या कवचाची कड धरतो, शेपूट तिच्या शेपटीखाली वळवतो. हे साधारण दहा मिनिटं चालतं, त्याआधीचं मनधरणीचं प्रकरण मात्र पाऊण तास पण चालू शकतं. मी एकदा घड्याळ लावून बसले होते, चहा दोनदा गार झाला आणि शेवटी मोठी ऊन खायला निघून गेली.

इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. हात फडफडवलं म्हणजे नर, असं नाही. अगदी लहान पिल्लं पण हे करतात, ज्यांना अजून कशाचाच पत्ता नसतो. माद्याही करतात कधीकधी, तेव्हा तो दादागिरीचा प्रकार असतो. फिल्टरच्या पाईपसमोर करणारं कासवही मी बघितलंय. त्यामुळे एकदा व्हिडिओ काढून "आमचा नर आहे" असं ठरवू नका, नखं आणि शेपूट बघा.

दुसरं म्हणजे, सगळंच गोडीगुलाबीचं नसतं. चिंट्या ऐकत नाही. दिवसभर एकीच्याच मागे लागतो, मानेला चावतो, तिला ऊन खायला वर येऊ देत नाही. छोट्या टबमध्ये किंवा काचेच्या टाकीत एक नर एक मादी असली की मादीची हालत वाईट होते, मानेवर आणि पायांवर जखमा होतात, खाणं सुटतं, कारण पळून जायला जागाच नाही. मोठ्या तळ्यात एका नरामागे दोन-तीन माद्या असल्या की त्याचं लक्ष विभागलं जातं. दोन नर मात्र नकोच. आम्ही मार्चमध्ये तळ्याच्या एक तृतीयांश भागाला जाळी लावतो आणि तीन दिवस चिंट्या त्या बाजूला, तीन दिवस मोकळा, असं करतो. त्याला आवडत नाही, जाळीला नाक लावून बसतो.

आणि एक घाबरवणारी गोष्ट आधीच सांगून ठेवते, म्हणजे माझ्यासारखी धावपळ होणार नाही. कधी नराच्या शेपटीतून काळपट जांभळं, मांसल काहीतरी बाहेर आलेलं दिसतं. मला वाटलं आतडं बाहेर आलं, रविवारी सकाळी डॉक्टरांना फोन. ते त्याचं लिंग असतं. काही मिनिटांत आत जातं. आत गेलं नाही, सुजलं, किंवा बाकीची कासवं त्याला चावायला लागली तर मात्र लगेच वेगळं करून ओल्या फडक्यात ठेवून डॉक्टरकडे.

हे सगळं ठराविक महिन्यांतच का होतं? कासवाच्या अंगात आपल्यासारखी शेगडी नाही. त्याचं शरीर बाहेरच्या उन्हावर चालतं, पाणी गार असलं की पचन मंद, हालचाल मंद, सगळंच मंद. मूळ गावी कडाक्याची थंडी पडते तिथे ती तळाच्या चिखलात जाऊन जवळजवळ निपचित पडतात. सातारला तेवढी थंडी कुठली, पण डिसेंबर-जानेवारीत आमचीही निम्मं खातात आणि दगडावरच पडून असतात. मग दिवस मोठा होतो, पाणी कोमट होतं, आणि शरीराला कळतं की आता. गंमत म्हणजे मादीच्या पोटात अंड्यांचं बलक भरायचं काम थंडीच्या आधीच, पावसाळ्याच्या शेवटाकडे सुरू झालेलं असतं. म्हणजे एप्रिलमध्ये अंडी दिसली म्हणून तेव्हा कॅल्शियम द्यायला धावण्यात अर्थ नाही, तयारी गेल्या वर्षापासून चाललेली असते. आम्ही वर्षभर समुद्रफेन टाकून ठेवतो पाण्यात, तोच तो पोपटाच्या पिंजऱ्यात अडकवतात तो, आयुर्वेदिक दुकानातही मिळतो. माद्या कुरतडतात, चिंट्या ढुंकूनही बघत नाही. ऊन मात्र खरं लागतं, काचेतून आलेलं नाही, कारण हाडांना आणि कवचाला लागणारं ड जीवनसत्त्व ज्या किरणांनी तयार होतं ते किरण साध्या काचेत बरेचसे अडतात.

बघायला बसायचं कसं याचंही एक तंत्र आहे, मला जमायला एक सीझन गेला. कासवाची नजर तेज असते, रंग त्यांना आपल्यापेक्षा जास्त दिसतात, अतिनील पण. आवाज फारसे ऐकू येत नाहीत पण जमिनीतून येणारी थरथर लगेच कळते. म्हणून चप्पल आपटत गेलात तर सगळी पाण्यात. आणि एकदा का त्यांना कळलं की खाऊ देणारी बाई आलीय, की लग्नबिग्न सगळं बाजूला राहतं आणि तिघं काठाशी माना वर करून उभे. त्यामुळे मी बघायचं असेल त्या दिवशी खायला आधी देत नाही, देते ती बघून झाल्यावर. पंधरा-वीस फूट लांब, पेरूच्या झाडाखाली खुर्ची टाकते, आठ ते दहाच्या दरम्यान, ऊन पाण्यावर आलेलं असतं पण तापलेलं नसतं. वहीत तारीख, पाण्याचं तापमान (साधा फिशटँकचा थर्मामीटर) आणि कोण कोणाच्या मागे. बास. उचलून बघायचं नाही, विशेषतः अंडी असलेल्या मादीला तर नाहीच.

आता माद्यांचं. समागमानंतर काही आठवड्यांनी मादी विचित्र वागायला लागते. खाणं कमी करते, पाण्यात एका जागी थांबत नाही, भिंतीला पाय लावून वर चढायचा प्रयत्न करते, ऊन जास्त खाते. मागच्या पायाच्या पुढे, कवचाच्या खोबणीत हलकं बोट लावलं तर अंडी हाताला लागतात, पण ते माहीतगारानेच करावं. मग ती पाणी सोडून जमिनीवर येते आणि फिरते. नाक मातीला लावून लावून फिरते. इथे उकर, तिथे उकर, अर्धा खड्डा करून सोडून दे. आमच्या बागेत काम करणारे तात्या पहिल्या वर्षी वैतागले होते, "ही बया रोज मिरच्या उकरतीया, हिला येड लागलंय का." वेड नाही. जागा पसंत पडत नसते. माती फार कोरडी असेल तर खड्डा ढासळतो, फार ओली असेल तर अंडी सडतात, सावली फार असेल तर ऊब नाही.

पसंत पडली की मात्र जे काही करते ते बघण्यासारखं आहे. पूर्ण खड्डा ती मागच्या पायांनी खणते, आळीपाळीने, एक डावा एक उजवा, आणि मान वळवून एकदाही बघत नाही. माती कडक असेल तर मूत्राशयात साठवलेलं पाणी सोडून ती भिजवते. खड्डा सुरईसारखा होतो, वर तोंड अरुंद, आत पोट मोठं, खोली तिचा मागचा पाय जाईल तेवढी. मग एक एक अंडं, प्रत्येक अंडं पायाने हळूच सरकवून. लांबट, पांढरं, सव्वा-दीड इंचाचं, कवच कोंबडीसारखं ठिसूळ नाही, चामड्यासारखं जरा दबणारं. एका वेळी दोन-चारपासून वीस-पंचवीसपर्यंत घालतात, मादी जेवढी मोठी तेवढी जास्त. मग माती लोटते, पोटाच्या कवचाने दाबून सपाट करते आणि चालू लागते. दोन-तीन तास सहज जातात. या काळात मध्ये गेलात, टॉर्च मारलात, पोरं ओरडली, तर ती अर्धवट सोडून निघून जाऊ शकते. आणि हे एकदा करून थांबत नाही, दोन-पाच आठवड्यांनी परत, एका उन्हाळ्यात दोन-तीन वेळा, कधी पाचपर्यंत.

सासूबाई हे बघत होत्या माझ्याबरोबर. त्या वारकरी घरातल्या, त्यांना अभंगातली कासवी माहीत, जी लांबून नुसत्या नजरेने पिल्लांना वाढवते, दूध नाही पंख नाहीत पण दृष्टी आहे. बाजीराव माती सपाट करून तडक पाण्यात गेली आणि दगडावर चढून झोपली. सासूबाई बराच वेळ बघत होत्या आणि मग म्हणाल्या, "हिने तर एकदा पण मागे बघितलं नाही गं." नाहीच बघत. पिल्लाला आई म्हणून जे काही मिळायचं ते अंड्यातल्या बलकात मिळालेलं असतं. बाकीचं माती करते. पण दृष्टांत चूक म्हणून सोडून द्यावा असं मला वाटत नाही, कारण त्यात एक गोष्ट बरोब्बर पकडलीय, की कासवाची आई अंगाची ऊब देत नाही तरी पिल्लं वाढतात, आणि हे ज्याने पहिल्यांदा बघितलं असेल त्याला ते नवलच वाटलं असणार.

एक प्रश्न नेहमी येतो. आमच्याकडे एकटीच मादी आहे, नर नाही, तरी अंडी कशी? दोन उत्तरं आहेत. एक, कोंबडीसारखंच, नर नसला तरी अंडी होतात, फक्त ती रिकामी असतात. दुसरं जास्त भन्नाट आहे. मादी नराचं बीज शरीरात साठवून ठेवू शकते, काही जातींच्या कासवांत तर शेवटच्या समागमानंतर चार वर्षांनी घातलेल्या अंड्यांतून पिल्लं आल्याची नोंद आहे. त्यामुळे चिंट्याला वेगळं केलं म्हणजे प्रश्न मिटला असं होत नाही. आणि एकाच खड्ड्यातल्या अंड्यांचे बाप वेगवेगळे असू शकतात, तेही याच साठवणीमुळे.

आता जे न कळल्यामुळे कासवं मरतात ते. मादी एकटी असो की जोडीने, तिला अंडी घालायला जमीन लागते. काचेच्या टाकीत फक्त एक प्लॅस्टिकचा दगड असेल तर ती अंडी धरून ठेवते, कधी नाइलाजाने पाण्यात टाकते, आणि कधी अंडी आतच अडकतात. याला डॉक्टर एग बाइंडिंग म्हणतात. लक्षणं म्हणजे खाणं पूर्ण बंद, मागचे पाय ओढत चालणं, सुस्ती, सारखा जोर लावणं. घरगुती उपाय नाही यावर, तेल-बिल लावू नका. एक्सरे काढला की अंडी दिसतात, मग कॅल्शियम आणि इंजेक्शनने बाहेर काढतात, नाहीच तर ऑपरेशन. फक्त कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर असतील तर फोनवर आधीच विचारा कासव बघता का, आम्ही एकदा गाडी चालवत जाऊन हात हलवत परत आलोय. टाळायचं असेल तर सोपं आहे: तळ्याला उतार, आणि उताराला लागून तीन बाय तीन फुटांचा, फूटभर खोल वाफा, अर्धी वाळू अर्धी बागेची माती, रोज हलकं पाणी मारलेलं, ऊन येणारा. आणि भोवती कुंपण, नाहीतर ती गेटबाहेर जाते. बाजीराव एकदा रस्त्यापर्यंत गेली होती, दूधवाल्याने उचलून आणली.

आणि आता मला सगळ्यात आवडणारा भाग. माणसात मुलगा की मुलगी हे गर्भ राहताच ठरतं, एक्स वाय वगैरे आपण दहावीत शिकलो. स्लायडरला ते एक्स वाय प्रकरणच नाही. अंडं घातलं तेव्हा आत काय आहे हे अजून ठरलेलंच नसतं. माती ठरवते. अंड्याभोवतीचं तापमान साधारण २६-२७ अंशांच्या आसपास राहिलं तर जवळपास सगळे नर, ३१ च्या वर राहिलं तर सगळ्या माद्या, आणि मध्ये २९ च्या जरा पुढे मिसळ. गार माती मुलगे, तापली माती मुली, असं लक्षात ठेवा. तेही सगळे दिवस मोजत नाहीत. अंडं उबायला साठ ते शंभर-सव्वाशे दिवस लागतात, त्याचे तीन भाग केले तर मधल्या भागात जे तापमान असेल त्यावर निकाल. पहिल्या महिन्यात पाऊस पडून गारठलं तरी फरक पडत नाही, मधल्या महिन्यात पडतो. एकाच खड्ड्यात वरची अंडी जास्त तापतात, खालची कमी, म्हणजे वर बहिणी खाली भाऊ असंही होऊ शकतं.

हे पहिल्यांदा लक्षात आलं १९६६ मध्ये, मादलेन शार्निए नावाच्या फ्रेंच बाईंच्या, आणि तेही कासवात नाही, पश्चिम आफ्रिकेत सेनेगलमध्ये सरड्याच्या अंड्यांवर काम करताना. नंतर कासवं, मगरी यांच्यातही सापडलं. पण तापमान नेमकं करतं काय हे कळायला पन्नासहून जास्त वर्षं गेली. २०१८ मध्ये याच आपल्या स्लायडरच्या अंड्यांवर प्रयोग झाला. केडीएमसिक्सबी नावाचं एक जनुक आहे, ते गार तापमानात जोरात काम करतं आणि नर बनवणाऱ्या दुसऱ्या जनुकाचं कुलूप उघडतं. शास्त्रज्ञांनी गार ठेवलेल्या अंड्यांतच हे पहिलं जनुक दाबून टाकलं, तर नर व्हायला हवी होती ती बहुतेक पिल्लं मादी होण्याच्या वाटेला लागली. म्हणजे किल्लीवाला कामावर आलाच नाही तर कुलूप बंदच, आणि कुलूप बंद म्हणजे मादी. मला हे वाचून आधी कळलं नव्हतं, मग तात्यांना समजावून सांगताना कळलं. तात्या म्हणाले, "मग आपल्या मिरचीच्या वाफ्यात समद्या पोरीच की." अगदी बरोबर. मे महिन्यात उघड्या वाफ्यात नर होणं अवघडच आहे. आणि माती त्याहून फार तापली तर पोरगाही नाही पोरगीही नाही, अंडीच मरतात.

याच कारणामुळे कोकणात वेळासला वगैरे समुद्री कासवांची अंडी हलवतात तेव्हा इतकी काळजी घेतात. तिथे २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना घेऊन हे काम उभं केलं. ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाची मादी शंभराच्या आसपास अंडी घालते, ती कोल्हे-कुत्रे-माणसांपासून वाचवायला जाळीच्या आत, तेवढ्याच खोलीवर, तसाच सुरईसारखा खड्डा करून परत पुरतात. आणि हे लवकरात लवकर करतात. कारण पक्ष्याच्या अंड्यात बलकाला दोन्हीकडून दोरीसारखं बांधलेलं असतं म्हणून कोंबडी अंडी फिरवते तरी चालतं, कासवाच्या अंड्यात तसली दोरी नाही. गर्भ पहिल्या एक-दोन दिवसांत वरच्या बाजूला कवचाच्या आतल्या पापुद्र्याला चिकटतो. बाहेरून तिथे खडूसारखा पांढरा डाग दिसतो आणि तो पसरत जातो. त्यानंतर अंडं उलटं केलं की गर्भ बलकाखाली दबून मरतो. अंड्यावर पेन्सिलने वर खूण का करतात ते आता कळलं असेल.

पण वेळासला जे बरोबर तेच आमच्या बागेत चूक, हे मला जरा उशिरा पटलं. तिथली पिल्लं त्यांच्याच समुद्रात जातात. स्लायडरचं पिल्लू कुठे जाणार? एक मादी उन्हाळ्यात तीस-चाळीस अंडी सहज घालते, कासव तीस वर्षं जगतं, आणि आज नाण्याएवढं असलेलं उद्या ताटलीएवढं होऊन टाकी घाण करायला लागलं की लोक काय करतात तर देवळाच्या तळ्यात नेऊन सोडतात, वर पुण्य मिळालं म्हणतात. स्लायडर जगातल्या सगळ्यात त्रासदायक १०० परक्या प्रजातींच्या यादीत आहे. खातं जास्त, पिलावळ जास्त, ऊन खायच्या जागा बळकावतं, देशी कासवांना रोग देतं. गुवाहाटीच्या उग्रतारा मंदिराच्या तळ्यात सापडलंय, केरळात त्रिशूरकडे सापडलंय. युरोपने १९९७ मध्येच आयात बंद केली. अमेरिकेने तर १९७५ मध्ये चार इंचांपेक्षा लहान कासव विकायलाच बंदी घातली, पण ती वेगळ्या कारणाने, पोरं छोटी कासवं तोंडात घालायची आणि साल्मोनेला नावाचा जंतू पोटात जाऊन आजारी पडायची. तो जंतू निरोगी दिसणाऱ्या कासवाच्या अंगावरही असतो, त्यामुळे हात लावला की साबणाने धुवायचे आणि त्यांची भांडी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये नाही म्हणजे नाही.

म्हणून आम्ही आता अंडी उबू देत नाही. मादीला शांतपणे घालू द्यायची, ती पाण्यात गेली की त्याच दिवशी खड्डा उकरून अंडी काढायची, डब्यात घालून दोन दिवस फ्रीजरमध्ये, मग लिंबाच्या बुंध्याशी पुरायची. पहिल्या दिवशी आत जेमतेम सुरुवात झालेली असते, पुढची वाढ उबेवर चालते, म्हणून उशीर करायचा नाही. सासूबाईंना हे अजून पटलेलं नाही. फ्रीजर त्यांच्या आमसुलांच्या डब्यांचा, त्यात ही अंडी, आणि वर पाप. मी त्यांना तळ्यात सोडलेल्या कासवांचं सांगितलं, त्या म्हणाल्या कळतंय गं पण मला सांगू नको कधी टाकलीस ते. त्यामुळे मी ते काम त्या देवळात गेल्यावर करते.

दोन वर्षांपूर्वी एक खड्डा हुकला. मे महिन्यात आम्ही चार दिवस लग्नाला गेलो होतो तेव्हा घातली असणार, वाफ्यात काही दिसलं नाही, खत पसरलेलं होतं. जुलैच्या शेवटी पाऊस पडून माती मऊ झाली आणि तात्यांना गवारीच्या ओळीत रुपयाएवढी दोन पिल्लं दिसली, नाकाच्या टोकाला अंडं फोडायचा तो बारका पांढरा दाणा अजून होता, पोटाखाली बलकाची पिशवी पूर्ण आत गेलेली. बाकीची अंडी वाळून गेली होती. त्यांना फ्रीजरमध्ये टाकायला कोणाचाच हात धजला नाही, आता ती वेगळ्या टबमध्ये आहेत. मेची माती, उघडा वाफा, म्हणजे हिशोबाने दोघी पोरीच. नखं अजून आखूडच आहेत, पण कवच चार इंच व्हायचंय, तोपर्यंत काही सांगता येत नाही. मागच्या आठवड्यात त्यातलं एक कमळाच्या कुंडीसमोर उभं राहून जोरजोरात हात फडफडवत होतं. तात्या म्हणाले, बघा, पोरगा हाय.